कुष्ठरोगाचा इतिहास कोणाच्या नावे लिहावा?

महाराष्ट्रातील कुष्ठकार्याविषयी मराठीत विपुल लेखन झाले असले, तरी त्यातील बहुतांश लेखन कार्यकर्त्यांची चरित्रे, संस्थांचे अहवाल आणि गौरवग्रंथ यांत सामावते. ज्यांच्यासाठी हे कार्य उभे राहिले, त्या माणसांवर राज्यसंस्थेने घातलेली बंधने मात्र या लेखनात क्वचितच आढळतात. हा या लेखनाचा दोष मानावा की त्या काळाची स्वाभाविक मर्यादा मानावी, याविषयी अभ्यासकांत दोन दृष्टी आहेत. पहिली दृष्टी सेवाकार्याच्या परंपरेवर लिहिणाऱ्या ज्येष्ठ चरित्रकारांची आहे, तर दुसरी अपंगांच्या हक्कांविषयीच्या कायद्यांचा इतिहास लिहिणाऱ्या अभ्यासिकेची आहे. या दोन दृष्टी समोरासमोर आल्या असता त्यांच्यातील वाद कोणत्या मुद्द्यांवर उभा राहतो, हे दाखवण्यासाठी पुढील संवादाची योजना केली आहे.

संवादाकडे वळण्यापूर्वी रोगाचे स्वरूप थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व वाद त्याच्याशी निगडित आहे. कुष्ठरोग एका जंतूमुळे होतो आणि तो जंतू नॉर्वेतील डॉ. हॅन्सन यांनी १८७३ मध्ये शोधून काढला. हा जंतू त्वचेवर आणि मज्जातंतूंवर हल्ला करतो. त्वचेवर फिकट, सुन्न चट्टा उमटतो, आणि मज्जातंतू निकामी झाल्यास हातापायांची संवेदना जाते. चुलीवरचे भांडे उचलताना बोट भाजले तरी कळत नाही, चपलेत खडा रुतला तरी चालणे थांबत नाही, आणि अशा न कळलेल्या जखमा चिघळून बोटे झिजतात. ज्या व्यंगामुळे हा रोग भीतिदायक ठरला ते व्यंग पुष्कळदा रोगाने थेट घडवलेले नसते, तर संवेदना गेलेल्या अवयवाची निगा न राहिल्यामुळे उद्भवलेले असते. बहुतेक माणसांच्या अंगी या जंतूविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते, आणि १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेली बहुविध औषधोपचार पद्धती, म्हणजे दोन किंवा तीन औषधे एकत्र देण्याची पद्धती, रोग सहा महिन्यांत किंवा वर्षभरात बरा करते. असे असूनही बरे झालेल्या माणसाचे नागरिकत्व पूर्ववत होत नाही, येथून संवादाला आरंभ होतो.

चरित्रकार : बाई, कायद्याचे कलम वाचून एखाद्या गावाचे मन पालटले, असे उदाहरण मराठी मुलुखात दाखवता येणार नाही. मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरचे कुष्ठधाम सुरू केले, डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये अमरावतीला तपोवन उभारले, बाबा आमटे यांनी १९५१ मध्ये वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर आनंदवन वसवले, आणि या तिन्ही ठिकाणी ज्याला घरच्यांनी टाकले त्याला राबण्याची आणि राबून मिळवलेले खाण्याची संधी लाभली. आनंदवनात पिकलेला भाजीपाला आरंभी वरोऱ्याच्या बाजारात कोणी घेत नसे, आणि तेथे श्रमदानासाठी आलेल्या परदेशी स्वयंसेवकांनी तोच भाजीपाला खाल्ल्याचे पाहिल्यावर गिऱ्हाईक वळू लागले, असे सांगितले जाते. पुढे त्याच हातांनी महाविद्यालयाची इमारत उभारली आणि पंचक्रोशीतील निरोगी मुले तेथे शिकायला आली. समाजपरिवर्तन असे घडते. म्हणून ज्यांनी ते घडवले त्यांची चरित्रे लिहिणे हाच या विषयाचा इतिहास लिहिण्याचा सरळ मार्ग आहे.

अभ्यासिका : सर, आपण भाजीपाल्याचा प्रसंग काढलात हे बरे झाले, कारण त्या प्रसंगामागे एक कायदा उभा आहे आणि चरित्रग्रंथांत त्याचा मागमूस नाही. १८९८ च्या ‘लेपर्स अ‍ॅक्ट’ने सरकारला असा अधिकार दिला होता की, अधिसूचित क्षेत्रात कुष्ठरोग्याला विक्रीसाठी अन्नपदार्थ तयार करण्यास किंवा विकण्यास, औषधे व कपडे विकण्यास, ठरावीक सार्वजनिक विहिरी व तळी वापरण्यास, आणि रेल्वेखेरीज भाड्याच्या वाहनात बसण्यास मनाई करता यावी. वरोऱ्यातील गिऱ्हाइकाने पाठ फिरवली त्यापूर्वी पन्नास वर्षे राज्यसंस्थेने हेच वर्तन छापील कायद्याच्या रूपाने योग्य ठरवले होते. गावकऱ्यांची भीती ही केवळ अज्ञानाची उपज होती असे लिहिले की, त्या भीतीला अधिकृत मान्यता कोणी दिली हा प्रश्न आपोआप गळून पडतो.

येथे या कायद्याच्या जन्मकथेकडे वळणे उचित ठरेल, कारण तिचा मुंबईशी आणि काहीशा अनपेक्षित रीतीने मराठी वाङ्मयाशीही संबंध आहे. १८९० मध्ये मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी आर्बथनॉट अ‍ॅक्वर्थ यांनी रस्त्यांवरील बेघर कुष्ठरोग्यांसाठी माटुंग्याला आश्रयगृह उघडले. आज वडाळ्याला त्यांच्याच नावाने महापालिकेचे कुष्ठरोग रुग्णालय आहे. याच अ‍ॅक्वर्थ यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह मराठी पोवाड्यांचा संग्रह सिद्ध करून १८९१ मध्ये प्रसिद्ध केला आणि शाहिरांच्या तोंडी असलेले बरेच वाङ्मय काळाच्या उदरात जाण्यापासून वाचवले. पोवाड्यांचे संग्राहक म्हणून मराठी अभ्यासकांना ते परिचित आहेत; परंतु ज्या माणसांना रस्त्यावरून उचलून माटुंग्याला नेण्यात आले त्यांच्या तोंडचे शब्द कोणी संग्रहित केल्याचे ज्ञात नाही. एकाच प्रशासकाच्या हातून एका समूहाची वाणी जतन व्हावी आणि दुसऱ्या समूहाचे केवळ शरीर बंदिस्त व्हावे, ही बाब आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासलेखनाने अधिक गांभीर्याने घ्यायला हवी होती.

त्याच सुमारास, म्हणजे १८९०-९१ मध्ये, भारतात आलेल्या कुष्ठरोग आयोगाने या रोगाची संसर्गक्षमता अल्प असल्याचा आणि सक्तीच्या विलगीकरणाची आवश्यकता नसल्याचा निर्वाळा दिला होता. तरीही काही वर्षांतच झालेल्या कायद्याने ‘निर्धन कुष्ठरोगी’ असा एक स्वतंत्र वर्ग निर्माण केला. भिक्षा मिळावी म्हणून व्रण, जखम किंवा व्यंग उघडे करून दाखवणारा, अथवा उदरनिर्वाहाचे कोणतेही दृश्य साधन नसताना मोकळा फिरणारा कुष्ठरोगी अशी त्याची व्याख्या होती, आणि अधिसूचित क्षेत्रात अशा माणसाला पोलिसांना वॉरंटविना अटक करता येत असे. संसर्ग रोखणे हाच हेतू असता, तर घरच्या माडीवर राहणारा सधन रोगी आणि देवळाच्या पायरीवर बसलेला निर्धन रोगी यांत कायद्याने भेद केला नसता. रोगाबरोबर दारिद्र्यालाही दंडनीय ठरवणारा हा कायदा होता, हे त्याच्या व्याख्येवरूनच सिद्ध होते.

चरित्रकार : तुमचाच पुरावा तुमच्या विरुद्ध जातो, बाई. आयोगाने शास्त्रीय निष्कर्ष काढून दिला असतानाही कायदा करणाऱ्यांनी तो बाजूला सारला, याचा अर्थ कायदा करणारे आणि गावकरी एकाच भीतीने ग्रासलेले होते. भीती तर्काने जात नाही, ती सहवासाने जाते. सेवाग्रामला परचुरेशास्त्री आले तेव्हा गांधीजींनी त्यांची शुश्रूषा स्वतः केली, आणि त्या एका कृतीने देशभर जे पोहोचले ते शंभर परिपत्रकांनी पोहोचले नसते. त्या कृतीचे वर्णन लिहिणे हाही सार्वजनिक लेखनाचा धर्मच आहे.

अभ्यासिका : त्या प्रसंगात शुश्रूषा करणारे कोण होते हे प्रत्येक वाचकाला ठाऊक आहे, परंतु ज्यांची शुश्रूषा झाली ते परचुरेशास्त्री संस्कृतचे पंडित होते, येरवड्याच्या तुरुंगात राजकैदी म्हणून राहिलेले सत्याग्रही होते, हे किती जणांना माहीत आहे? एक विद्वान देशभक्त रोगामुळे वणवण फिरत आश्रमाच्या दारी येतो, तेव्हा त्याच्या विद्वत्तेचे, त्याच्या राजकारणाचे आणि त्याच्या अपमानाचे काय झाले हा इतिहासाचा विषय आहे. आपल्या लेखनात मात्र ते पाय चेपून घेणारे शरीर म्हणून येतात आणि प्रसंग संपताच निघून जातात. सहवासाने भीती जाते हे क्षणभर मान्य केले, तरी १९५१ नंतरच्या कायद्यांचे स्पष्टीकरण आपण कसे द्याल? आनंदवन सुरू झाल्यावर चारच वर्षांनी, १९५५ मध्ये, हिंदू विवाह कायद्याने जोडीदाराचा असाध्य कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून नोंदवले. त्यानंतर चार वर्षांनी, म्हणजे १९५९ मध्ये, ज्या द्वैभाषिक मुंबई राज्यात वरोरा होते त्याच राज्याने भीक प्रतिबंधक कायदा केला. भिक्षेसाठी व्रण किंवा व्यंग उघडे करणे आणि निर्वाहाचे दृश्य साधन नसताना भटकणे या १८९८ च्या व्याख्येतील दोन्ही कल्पना त्यात जवळजवळ जशाच्या तशा उतरल्या, आणि कुष्ठरोगी भिक्षेकऱ्याला वेगळ्या ठिकाणी स्थानबद्ध करण्याची तरतूदही आली. ब्रिटिशांनी बांधलेली चौकट स्वराज्यात मराठी लोकप्रतिनिधींनी स्वहस्ते उचलली. या काळात मराठी नियतकालिकांतून आनंदवनाचे कौतुक होत होते. तो कायदा वाचण्याचे काम कोणाचे होते?

चरित्रकार : भिक्षेला उत्तर म्हणूनच तर आनंदवन उभे राहिले. बाबांनी दयेवर पोसले जाणे नाकारले, श्रमाला प्रतिष्ठा दिली, आणि भिक्षापात्र घेतलेल्या हातात कुदळ दिली. कायद्याने भिक्षेकऱ्याला कोंडले असेल, पण भिक्षा मागण्याची वेळच येऊ नये अशी व्यवस्था कोणत्या कायद्याने केली?

या युक्तिवादातील बळ नाकारता येत नाही. श्रमाधारित पुनर्वसनाची कल्पना ही दानधर्माच्या परंपरेशी केलेली फारकत होती आणि तिने हजारो माणसांना स्वतःविषयीचा आदर परत मिळवून दिला. परंतु तिच्यातही एक मर्यादा दडलेली आहे, आणि अभ्यासिकांनी ती पुढे आणली.

अभ्यासिका : श्रमाला प्रतिष्ठा दिली की, जो श्रम करू शकत नाही त्याच्या प्रतिष्ठेचा आधार कोणता, हा प्रश्न उरतो. ज्याची दहाही बोटे गेली, ज्याची दृष्टी गेली, जी वृद्धा खाटेवरून उठू शकत नाही, तिलाही मताचा, मालमत्तेचा, विवाहाचा आणि आपल्या माणसांत राहण्याचा हक्क आहे. तो हक्क तिने विणलेल्या सतरंजीवर अवलंबून नाही. दुसरे असे की, वसाहत कितीही सुंदर असली तरी ती गावाबाहेर असते. डॉ. वारदेकर यांनी वर्ध्याच्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानातून पाहणी, लोकशिक्षण आणि उपचार अशी त्रिसूत्री १९५० च्या दशकात रूढ केली. घरोघर जाऊन चट्टे तपासायचे आणि रुग्णाला त्याच्याच घरी ठेवून डॅप्सोनच्या गोळ्या द्यायच्या, ही ती पद्धत होती. राष्ट्रीय कार्यक्रमाने पुढे हीच दिशा धरली. वर्धा जिल्ह्यातील खेड्यांत उन्हातान्हात फिरून पाठी आणि दंड तपासणाऱ्या कर्मचाऱ्यांवर मराठीत किती लिहिले गेले? घरीच राहून बरा झालेला माणूस कोणाच्याही चरित्रात येत नाही, कारण त्याच्या जीवनात कोणी तारणहार नसतो.

हा मुद्दा वादाच्या मुळाशी जातो. चरित्र या वाङ्मयप्रकाराला नायक लागतो, नायकाला उद्धार करण्यासाठी कोणीतरी लागते, आणि ज्याचा उद्धार व्हायचा त्याने स्वतः काही मागणे हे या रचनेत बसत नाही. मागणी करणारा कुष्ठबाधित माणूस प्रत्यक्षात होता. ओडिशातील एका नगरपालिकेत निवडून आलेल्या सदस्याला कुष्ठरोगाच्या कारणावरून पद गमवावे लागले, तेव्हा तो दाद मागत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००८ मध्ये न्यायालयाने अपात्रतेची ती तरतूद वैध ठरवली आणि तिचा फेरविचार करण्याचे काम विधिमंडळावर सोपवले. भारताने राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाचे दूरीकरण झाल्याचे, म्हणजे दर दहा हजार लोकसंख्येमागे एकाहून कमी रुग्ण उरल्याचे, २००५ च्या अखेरीस जाहीर केले होते, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. शासनाच्या लेखी रोग सरला होता. मतदारांनी निवडून दिलेल्या माणसाला मात्र सभागृहात बसण्याची मुभा नव्हती. शिवाय ती घोषणा रोग संपल्याची नव्हती, कारण जगातील नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक रुग्ण आजही भारतात आढळतात.

चरित्रकार : २००८ चा निर्णय दुःखद होता, हे खरे. पण पुढे गोष्टी बदलल्याच ना?

अभ्यासिका : बदलल्या, परंतु कशामुळे बदलल्या ते पाहावे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१० मध्ये कुष्ठबाधित व्यक्ती आणि त्यांचे कुटुंबीय यांच्याविरुद्धचा भेदभाव नष्ट करण्याची तत्त्वे स्वीकारली. त्यामागे कुष्ठबाधितांच्याच संघटनांचे दीर्घ प्रयत्न होते, आणि तमिळनाडूतील पी. के. गोपाल यांच्यासारखे, स्वतः हा रोग भोगलेले, नेते त्यात अग्रभागी होते. विधी आयोगाने २०१५ च्या २५६ व्या अहवालात भेदभावकारक कायद्यांची झाडाझडती घेतली. १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. २०१९ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायदा, विशेष विवाह कायदा, मुस्लीम विवाहविच्छेद कायदा यांसह पाच कायद्यांतून कुष्ठरोगाचे कारण वगळले. म्हणजे बहुविध औषधोपचाराची शिफारस झाल्यानंतर अडतीस वर्षे, गोळ्या घेऊन पूर्ण बऱ्या होऊ शकणाऱ्या रोगाच्या नावाखाली या देशात संसार मोडता येत होता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ‘कुष्ठमुक्त व्यक्ती’ हा अपंगत्वाचा प्रकार मान्य केला, परंतु जो अद्याप औषधे घेत आहे आणि केवळ निदानामुळे नोकरी गमावतो, तो या व्याख्येच्या बाहेरच राहतो. क्लोफाझिमिन या औषधाने त्वचा काळवंडते, आणि शेजाऱ्यांना नेमके त्यावरूनच कळते. म्हणजे बरे होण्याच्या काळातच भेदभाव सर्वांत तीव्र असतो, आणि संरक्षण मात्र नंतरच्या काळासाठी आहे.

येथे चरित्रकारांनी आपली भूमिका बदलली नाही, पण वादाची भूमी बदलली, आणि संवादातील सर्वांत अवघड प्रश्न त्यामुळे पुढे आला. बाधित माणसांना इतिहासाचे कर्ते म्हणून लिहायचे, तर त्यांची नावे, गावे आणि कुटुंबे लिहावी लागतील. ज्या रोगाचे नाव घरावर लागताच मुलीचे लग्न मोडते त्या रोगाच्या बाबतीत असे लेखन कितपत न्याय्य आहे, असा तो प्रश्न होता.

चरित्रकार : वसाहतीत आलेल्या अनेकांनी स्वतःचे आडनाव सोडले ते घरच्यांना वाचवण्यासाठी. भाऊ गावी शेती करतो, पुतण्या शाळेत शिकवतो, आणि काका तीस वर्षांपूर्वी वारले असे घरात सांगितलेले असते. त्या माणसाने आयुष्यभर पाळलेले मौन हा त्याचा निर्णय होता. सेवाकार्याच्या लेखनात बाधितांची नावे नाहीत ही उपेक्षा आहे, असे तुम्ही म्हणता. पुष्कळदा ते त्यांना दिलेले वचन होते.

अभ्यासिका : वचन होते तेथे ते पाळलेच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. जपानमध्ये आरोग्यधामांत डांबलेल्यांना टोपणनावे घेऊन जगावे लागले; तेथील सक्तीच्या विलगीकरणाचा कायदा १९९६ मध्ये रद्द झाला आणि २००१ मध्ये कुमामोतो येथील न्यायालयाने शासनाला दोषी ठरवले. २०१९ मध्ये कुटुंबीयांचा दावाही मान्य झाला, तेव्हा त्यातील बहुतेक वादी निनावीच होते. नाव लपवूनही हक्क मागता येतो आणि त्याचा इतिहासही लिहिता येतो. परंतु सर, ज्यांनी मौन निवडले आणि ज्यांना कोणी विचारलेच नाही, हे दोन वेगळे समूह आहेत. वसाहतींत आजही अशी वृद्ध माणसे आहेत ज्यांना आपले नाव, आपले गाव, आपण खणलेली विहीर आणि आपण भोगलेला अपमान हे सारे छापून यावे असे वाटते, आणि त्यांच्याकडे वही घेऊन जाणारा लेखक संस्थाचालकांशी बोलून संध्याकाळच्या गाडीने परत फिरतो.

चरित्रकार : जिवंत माणसाला विचारता येईल, आणि विचारावेच. पण जुन्या रुग्णालयांच्या नोंदवह्यांत ज्यांची नावे पडून आहेत, त्या मृतांचे काय? तेथे संमती देणारे कोणी नाही आणि नातवंडे मात्र आहेत. अशा ठिकाणी नाव झाकून त्याच्या कामाची नोंद द्यावी. अमुक साली दाखल झालेल्या एका गवंड्याने ही भिंत बांधली, एवढे लिहिले तरी त्याच्या श्रमाला न्याय मिळतो.

अभ्यासिका : भिंत बांधणारा एक गवंडी, विहीर खणणारे काही रोगी, सूत कातणाऱ्या काही स्त्रिया, असे लेखन तर आजवर होतच आले आहे. त्या नोंदवह्यांत नावाशेजारी दाखल झाल्याची तारीख असते, आणि त्या तारखेला तो स्वतः चालत आला की त्याला पकडून आणले गेले, हा प्रश्न इतिहासाने विचारायला हवा. नाव झाकायचे असेल तर झाकावे, परंतु अटक झाकू नये. कोणत्या कलमाखाली, कोणत्या अधिकाऱ्याच्या सहीने तो माणूस आत आला आणि किती वर्षांनी बाहेर पडला किंवा पडलाच नाही, हे छापल्याने कोणाच्याही नातीचे लग्न मोडत नाही.

चरित्रकार : अधिकाऱ्याचे नाव छापायचे आणि रोग्याचे झाकायचे, तर त्या ग्रंथात पुन्हा नावे फक्त सत्ताधाऱ्यांचीच उरतील.

अभ्यासिका : उरतील, परंतु या वेळी ती गौरवासाठी नसतील, उत्तरदायित्वासाठी असतील.

चरित्रकारांना हे उत्तर पुरेसे वाटले नाही. ज्या ग्रंथात केवळ अटक करणाऱ्यांची नावे आहेत तो वाचून पुढच्या पिढीतील कोणी कार्यकर्ता वरोऱ्याच्या दिशेने निघणार नाही, अशी त्यांची शंका कायम राहिली. आणि वरोऱ्याच्या दिशेने निघण्याची गरज ज्यांच्यामुळे निर्माण झाली ती कलमे आधी वाचली पाहिजेत, या आपल्या मतावर अभ्यासिकाही ठाम राहिल्या.